स्वप्रतिमा आणि भावनिक बुद्धिमत्ता: दोन गोष्टी मोजतो आहोत की एकच गोष्ट दोनदा?

शोधछात्रा_इंदूर

नमस्कार. मी इंदूर येथे मानसशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षात असून, लघुप्रबंधासाठी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची स्वप्रतिमा आणि त्यांची भावनिक बुद्धिमत्ता यांच्यातील संबंध हा विषय घेतला आहे. प्रबंध हिंदीत लिहायचा आहे, परंतु घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी असल्यामुळे अडलेला विचार मराठीतच नीट मांडता येतो, म्हणून येथे लिहिते आहे.

स्वप्रतिमेसाठी मी सारस्वत यांची १९८४ सालची प्रश्नावली वापरली. तिच्यात ४८ विधाने असून ती शारीरिक, सामाजिक, स्वभावविषयक, शैक्षणिक, नैतिक आणि बौद्धिक अशा सहा अंगांत विभागलेली आहेत. भावनिक बुद्धिमत्तेसाठी हाइड, पेठे आणि धर यांची ३४ विधानांची श्रेणी, म्हणजे मोजमापाची प्रश्नावली, घेतली. आमच्याकडच्या जुन्या प्रबंधांत ही जोडी वारंवार आढळते, दोन्ही साधने हिंदीत उपलब्ध आहेत आणि दोन्ही मिळून एका तासिकेत भरून होतात. कला, वाणिज्य आणि विज्ञान या तिन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांकडून त्या भरून घेतल्या. ज्यांची स्वप्रतिमा चांगली, त्यांचे भावनिक बुद्धिमत्तेचे गुणही जास्त, असा मध्यम प्रतीचा धन सहसंबंध मिळाला. आधीच्या प्रबंधांतही मी साधारण हेच वाचले होते, त्यामुळे मार्गदर्शकांच्या दृष्टीने काम पुढे सरकले आहे.

मला मात्र या निकालावर प्रकरण लिहिताना हात आखडतो. काही विद्यार्थ्यांनी आपले गुण स्वतःहून विचारले आणि त्यावर माझ्याशी मोकळेपणाने बोलले. त्यांपैकी एक विद्यार्थी दोन्ही साधनांवर फार वरच्या गटात आहे. तो महोत्सवांचे सूत्रसंचालन करतो, व्यासपीठावर अत्यंत सहज वावरतो, आणि ‘समोरच्याच्या मनात काय चालले आहे हे मला लगेच कळते’ असे स्वतःबद्दल ठामपणे सांगतो. पण त्याच्या गटात काम करायला कोणी दुसऱ्यांदा तयार होत नाही आणि हे त्याला ठाऊक असल्याचे दिसत नाही. दुसरी विद्यार्थिनी बडवानीकडची आहे. स्वतःच्या रूपाविषयी, बुद्धीविषयी, बोलण्याविषयी तिने जवळजवळ प्रत्येक विधानाला खालचे उत्तर दिले आहे. तरीही वसतिगृहाच्या तिच्या मजल्यावर कोणाचे घरी भांडण झाले, कोणाचा निकाल बिघडला, तर सगळ्या जणी प्रथम तिच्याच खोलीत जातात.

दोन उदाहरणांनी सहसंबंध खोटा ठरत नाही, हे मी जाणते. मला विचारायचे आहे ते असे की, चांगली स्वप्रतिमा माणसाला भावनिकदृष्ट्या समंजस करते, की भावना हाताळता आल्यामुळे स्वप्रतिमा चांगली होते, की माझ्या दोन साधनांनी मुळात एकाच गोष्टीकडे दोन बाजूंनी पाहिले आहे? आणि तिसरी शक्यता खरी असेल, तर हाती आलेल्या माहितीचे मी प्रामाणिकपणे काय करावे?

जुना_होळकरी

आपला प्रश्न योग्य जागी बोट ठेवणारा आहे. मी अनेक वर्षे हा विषय शिकवला असून माझे मत तिसऱ्या शक्यतेच्या बाजूने झुकते. ते का, हे थोडे मागे जाऊन सांगतो.

स्वतःविषयीच्या कल्पनेचा शास्त्रीय विचार विल्यम जेम्स यांनी १८९० साली मांडला, तेव्हा त्यांनी आत्मसन्मानाला एका अपूर्णांकाचे रूप दिले होते: वर मिळालेले यश आणि खाली बाळगलेल्या अपेक्षा. म्हणजे स्वप्रतिमा उंचावण्याचे मार्ग दोन, यश वाढवणे किंवा अपेक्षा कमी करणे. दुसऱ्या मार्गाकडे आपल्या शिक्षणव्यवस्थेचे लक्ष कधी गेले नाही, हे जाता जाता नोंदवतो. पुढे १९०२ मध्ये चार्ल्स कूली यांनी असे दाखवले की आपण स्वतःला दुसऱ्यांच्या नजरेत पाहतो, किंबहुना दुसऱ्यांची नजर कशी असेल याविषयीच्या आपल्या अंदाजात पाहतो. हा अंदाज चुकू शकतो, आणि आपल्या संचालक विद्यार्थ्याचे कोडे बहुधा इथेच आहे. त्याने गृहीत धरलेली नजर टाळ्या वाजवणाऱ्या सभागृहाची आहे, त्याच्याबरोबर काम केलेल्या चार जणांची नाही.

आपल्या प्रश्नासाठी सर्वांत महत्त्वाचे काम मात्र शॅव्हेलसन, ह्यूबनर आणि स्टँटन यांचे, १९७६ सालचे. त्यांनी स्वप्रतिमा ही एकसंध नसून थरांची असते अशी मांडणी केली. सर्वांत वर सामान्य स्वप्रतिमा, तिच्याखाली शैक्षणिक आणि शैक्षणिकेतर असे दोन भाग, आणि शैक्षणिकेतर भागात सामाजिक, शारीरिक आणि भावनिक स्वप्रतिमा. या शेवटच्या शब्दाकडे लक्ष द्यावे. माझ्या भावना कशा आहेत आणि त्या मला कितपत पेलतात याविषयीचे माझे मत हा या मांडणीत स्वप्रतिमेचाच एक पोटभाग आहे.

आता दुसऱ्या बाजूने पाहू. सॅलोव्ही आणि मेयर यांनी १९९० मध्ये भावनिक बुद्धिमत्ता ही संकल्पना मांडली ती क्षमता म्हणून, आणि १९९७ मध्ये तिच्या चार शाखा सांगितल्या: भावना ओळखणे, विचारासाठी भावनांचा उपयोग करणे, भावना कशा उपजतात आणि कशा बदलतात हे समजणे, आणि त्या हाताळणे. गणिताची क्षमता गणिते सोडवायला देऊन पाहावी, ‘तुम्हाला गणित येते का’ असे विचारून नव्हे, हीच त्यांची भूमिका होती, आणि त्यांच्या चाचणीत चेहरे आणि प्रसंग देऊन उत्तरे मागितली जातात. परंतु १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकामुळे हा शब्द घरोघरी पोहोचला तेव्हा त्यात चिकाटी, आशावाद, प्रेरणा असे बरेच काही मिसळले गेले, आणि मोजमापाची सोपी वाट म्हणून स्वतःविषयी विधाने देऊन सहमती विचारणाऱ्या श्रेण्या सर्वत्र पसरल्या. पेट्रिडिस आणि फर्नहॅम यांनी २००१ च्या सुमारास हा फरक स्पष्ट केला. स्वनिवेदनातून मिळते ते व्यक्तिमत्त्वाचे एक वैशिष्ट्य असते आणि कामगिरीतून मिळते ती क्षमता असते, आणि या दोहोंना एकच नाव देणे घातक आहे. ब्रॅकेट आणि मेयर यांनी २००३ मध्ये दोन्ही प्रकारची साधने एकाच विद्यार्थिगटाला दिली, तेव्हा त्यांच्यातील संबंध क्षीणच निघाला.

तेव्हा आपण मोजली ती सामान्य स्वप्रतिमा आणि तिचाच भावनिक पोटभाग. संपूर्ण आणि त्याचा अंश यांच्यात धन सहसंबंध मिळाला नसता तरच आश्चर्य वाटले असते.

संचालक विद्यार्थ्याबाबत आणखी एक संदर्भ देतो. शेल्डन, डनिंग आणि एम्स यांनी २०१४ मध्ये व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांवर काम करून असे दाखवले की क्षमताचाचणीत सर्वांत मागे असलेलेच स्वतःच्या भावनिक कौशल्याचा सर्वाधिक फुगवलेला अंदाज करतात, आणि निकाल समोर ठेवल्यावर चाचणीलाच दोष देण्याकडे त्यांचा कल असतो. अशा विद्यार्थ्याला आपली श्रेणी सर्वोच्च गटात टाकणार हे उघड आहे.

समुपदेशिका_भंवरकुआँ

सरांची मांडणी मला पटते, पण तिचा अर्थ ‘संबंध असा काही नाहीच’ असा घेतला जाऊ नये म्हणून लिहिते. भंवरकुआँ भागातील वसतिगृहांत आणि भाड्याच्या खोल्यांत राहणारी, महाविद्यालयाबरोबर राज्यसेवेची किंवा बँकेच्या परीक्षेची तयारी करणारी मुले-मुली माझ्याकडे येतात. त्यांच्यापुरते बोलायचे तर स्वप्रतिमा किती उंच आहे यापेक्षा ती कशावर टेकलेली आहे, हा प्रश्न मला अधिक उपयोगी वाटत आला आहे.

जेनिफर क्रॉकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह २००३ मध्ये नेमक्या याच वयोगटासाठी, म्हणजे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी, एक श्रेणी प्रसिद्ध केली. स्वतःची किंमत माणूस कोणकोणत्या गोष्टींवर ठरवतो याची सात क्षेत्रे त्यांनी त्यात घेतली: इतरांची मान्यता, रूप, स्पर्धेत पुढे राहणे, अभ्यासातील कामगिरी, कुटुंबाचे प्रेम, सदाचरण आणि ईश्वराचे प्रेम. ज्याची स्वतःविषयीची किंमत एकाच क्षेत्राला बांधलेली असते, त्याला त्या क्षेत्रातील लहानसा धक्काही संपूर्ण स्वतःवरचा आघात वाटतो. त्या क्षणी तो राग, मत्सर किंवा लाज हाताळू शकत नाही, मग एरवी तो कितीही समजूतदार असो. मला भेटणाऱ्यांपैकी अनेक जण असे आहेत की पूर्वपरीक्षेचा निकाल लागेपर्यंत त्यांचे मित्रांशी, घराशी, खोलीतल्या जोडीदाराशी उत्तम चाललेले असते आणि निकालानंतर आठवडाभर त्यांच्याशी बोलणे अशक्य होते. त्यांची स्वप्रतिमा प्रश्नावलीवर उच्चच येईल, फक्त ती निकालाआधी भरून घेतली पाहिजे.

इंदूरच्या बाबतीत एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. खरगोन, बडवानी, झाबुआ, नीमच, शाजापूर अशा ठिकाणांहून येणारी मुले आपापल्या शाळेत पहिली-दुसरी आलेली असतात. येथे आल्यावर वर्गातला प्रत्येक जण कुठला ना कुठला पहिला असतो. हर्बर्ट मार्श आणि पार्कर यांनी १९८४ मध्ये दाखवले होते की, समान क्षमतेचा विद्यार्थी हुशार मुलांच्या शाळेत गेला तर त्याची शैक्षणिक स्वप्रतिमा खालावते, कारण तुलनेचा गटच बदलतो. लहान डबक्यातला मोठा मासा तलावात आल्यावर लहान दिसू लागतो, या त्यांच्याच प्रतिमेने हा परिणाम ओळखला जातो. मुद्दा असा की पहिल्या वर्षाच्या ऑगस्ट-सप्टेंबरात या मुलांची स्वप्रतिमा घसरलेली असते, पण दुसऱ्याचे दुःख ओळखण्याची त्यांची शक्ती त्या दोन महिन्यांत कुठेही गेलेली नसते. मला वाटते, बडवानीच्या विद्यार्थिनीचे उत्तर काही अंशी यात असावे. तिचे शैक्षणिक आणि बौद्धिक अंगांवरील गुण वेगळे काढून पाहिले आणि ती कितव्या वर्षाला आहे हे विचारात घेतले, तर चित्र बदलेल.

तरीही तिच्याविषयी मला थोडी काळजी वाटते. दुसऱ्यांचे चेहरे अचूक वाचणे हे नेहमीच भावनिक बुद्धिमत्तेचे लक्षण असते असे नाही. मार्क लिअरी यांनी १९९५ मध्ये असा सिद्धान्त मांडला की आत्मसन्मान हे मनातले एक मापक आहे आणि ते आपण इतरांना कितपत हवे आहोत याची सतत नोंद घेते. हा काटा खाली असला की माणूस नकाराच्या खुणांबाबत अधिक सावध होतो. डाउनी आणि फेल्डमन यांनी १९९६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांत नकाराविषयीच्या या अतिसंवेदनशीलतेचा अभ्यास केला होता. अशी व्यक्ती समोरच्याच्या भुवईची हालचालही टिपते, पण तिचा अर्थ स्वतःच्या विरोधात लावते. काही मुली सगळ्यांचे ऐकून घेतात, कारण कोणाला नाही म्हटले तर आपली जागा जाईल अशी भीती त्यांना वाटते. त्या मजल्याला आधार देतात आणि स्वतः रात्री दोन वाजता माझ्या सहकाऱ्यांना फोन करतात. आपली विद्यार्थिनी मनापासून समजून घेणारी आहे की अशा भीतीने ऐकून घेणारी, हे ४८ विधानांवरून कळणार नाही. ती स्वतःला हवे तेव्हा एखाद्या मैत्रिणीला ‘आज नको’ असे म्हणू शकते का, एवढे सहज बोलता बोलता विचारून पाहावे.

सरासरी_विचलन

वर दोघांनी सिद्धान्ताची बाजू सांगितली आहे. मी संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे हातात असलेल्या माहितीपुरते लिहितो.

सारस्वत यांच्या प्रश्नावलीतील ‘स्वभावविषयक’ अंगाची व्याख्या पुस्तिकेत पुन्हा वाचावी. व्यक्तीची प्रबळ भावनिक अवस्था किंवा विशिष्ट प्रकारच्या भावनिक प्रतिक्रियेचे प्राबल्य याविषयी तिचे स्वतःचे मत, असा तिचा आशय आहे. दुसऱ्या बाजूला हाइड-पेठे-धर श्रेणीत दहा घटक आहेत आणि त्यांत आत्मजाणीव, भावनिक स्थैर्य, आत्मविकास हे घटक येतात. स्वतःला शांत समजणारा विद्यार्थी दोन्हीकडे तेच उत्तर देणार. हा जो दोन्ही साधनांतला सामाईक आशय आहे, तो सहसंबंधात भर घालतो आणि त्याचा मानसशास्त्रीय संबंधाशी काही संबंध नसतो.

म्हणून सर्वप्रथम स्वभावविषयक अंगाची आठ विधाने वगळून उरलेल्या ४० विधानांवरून स्वप्रतिमेचा गुण पुन्हा काढावा. नंतर भावनिक श्रेणीतून आत्मजाणीव, भावनिक स्थैर्य आणि आत्मविकास हे घटक बाजूला ठेवून समानुभूती, नातेसंबंधांचे व्यवस्थापन आणि परोपकारी वर्तन एवढ्यांशीच सहसंबंध पाहावा. हे गणित एका दुपारचे आहे. सहसंबंध टिकला तर आपल्याकडे सांगण्यासारखे काही आहे, आणि तो विरघळला तर सांगण्यासारखे आणखीच जास्त आहे. माझ्या मते प्रबंधाचे सर्वांत वाचनीय प्रकरण हेच होईल. सहाही अंगांचा दहा घटकांशी असलेला संबंध एका तक्त्यात द्यावा, पण तक्त्यात सहसंबंधाचे ६० गुणांक असताना ०.०५ या पातळीवर त्यांपैकी साधारण तीन निव्वळ योगायोगानेही सार्थ (म्हणजे संख्याशास्त्राच्या दृष्टीने दखलपात्र) ठरू शकतात, याचे भान ठेवून सार्थता दाखवणाऱ्या एकेका ताऱ्यावर परिच्छेद लिहीत बसू नये.

सार्थतेविषयी बोललोच आहे तर आणखी एक. शंभर विद्यार्थ्यांच्या नमुन्यात ०.२० चा गुणांकही ०.०५ पातळीवर सार्थ ठरतो, पण त्याचा वर्ग ०.०४, म्हणजे एका चलातील विचरणाचा (गुणांमधील चढउताराचा) फक्त चार टक्के भाग दुसऱ्याने सांगितला जातो. समजा गुणांक ०.४० आहे, तरी तो भाग १६ टक्केच. उरलेल्या ८४ टक्क्यांत आपला संचालक आणि आपली बडवानीची विद्यार्थिनी हे दोघेही आरामात बसतात, त्यामुळे ते ‘अपवाद’ आहेत असे समजण्याचे कारण नाही.

एक जुनी खटकणारी बाब सांगून ठेवतो. भावनिक बुद्धिमत्तेची ही श्रेणी इंदुरातच व्यवस्थापनशास्त्र शिकवणाऱ्या अभ्यासकांनी तयार केलेली आहे, याचा आपल्याला अभिमान असायला हरकत नाही. परंतु तिचे घटक ठरवताना घेतलेला नमुना २०० कार्यकारी अधिकाऱ्यांचा होता. बांधिलकी, मूल्यनिष्ठा, सचोटी असे घटक तिच्यात का आले हे त्यावरून समजते. नोकरीत स्थिरावलेल्या माणसांच्या उत्तरांवरून ठरलेले उच्च-मध्यम-निम्न गट एकोणीस वर्षांच्या मुलांना जसेच्या तसे लावणे योग्य नाही. आपल्या नमुन्याची स्वतःची शतमके (शंभरांपैकी किती जण कोणत्या गुणाच्या खाली आहेत हे दाखवणारे आकडे) काढावीत आणि पुस्तिकेतील वर्गवारी वापरू नये. कोणी तोंडी परीक्षेत विचारले, तर हेच कारण द्यावे.

रामबागकर

चर्चा वाचली. मी या विषयातला नाही, पालक आहे. मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि त्याच्या महाविद्यालयाबाहेरच्या एका वर्गाने ‘व्यक्तिमत्त्व विकास’ या नावाने पंधरा दिवसांचा कार्यक्रम सुचवला आहे. आरशासमोर उभे राहून स्वतःची स्तुती करणे, सकाळी विशिष्ट वाक्ये दहा वेळा लिहिणे असे त्याचे स्वरूप आहे. आपण सर्वांनी जे लिहिले त्यावरून, अशाने मुलाची स्वप्रतिमा सुधारून तो चिडचिड कमी करेल, अशी अपेक्षा ठेवावी का? शुल्क माफक नाही, म्हणून विचारतो.

जुना_होळकरी

रामबागकर, चिडचिड कमी होण्याच्या अपेक्षेने शुल्क भरू नये. स्वप्रतिमा उंचावली की बाकीचे आपोआप सुधारते, ही कल्पना एके काळी फार लोकप्रिय होती. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने तर १९८६ मध्ये आत्मसन्मानासाठी शासकीय कृतिदल नेमले होते. त्यानंतर २००३ मध्ये बाउमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरच्या संशोधनाचा विस्तृत आढावा घेतला, तेव्हा आत्मसन्मानाचा आनंदी वाटण्याशी आणि पुढाकार घेण्याशी संबंध दिसला, पण तो वाढवल्याने अभ्यास सुधारतो याला आधार मिळाला नाही. चांगले नातेसंबंध असल्याचे उच्च आत्मसन्मानाची माणसे स्वतः सांगतात, पण त्यांच्या सहवासातील लोकांना विचारले की ते चित्र पुष्कळसे फिके पडते. आपल्या चर्चेतल्या संचालक विद्यार्थ्याची गोष्ट ती हीच.

चिडचिडीवर थेट काम करता येते. जेम्स ग्रॉस आणि ऑलिव्हर जॉन यांनी २००३ मध्ये भावना हाताळण्याच्या दोन सवयींची तुलना केली होती. एक, प्रसंगाचा अर्थ आधीच वेगळ्या रीतीने लावून पाहणे, आणि दुसरी, भावना उसळल्यावर ती चेहऱ्यावर येऊ न देणे. पहिल्या सवयीच्या माणसांत समाधान, जवळची नाती आणि आत्मसन्मानही अधिक आढळला, तर दुसऱ्या सवयीच्या माणसांत कमी. आपल्या घरांत मुलग्यांना आपण दुसरी सवय लहानपणापासून शिकवतो आणि मग तो अभियांत्रिकीला गेल्यावर अचानक चिडू लागला म्हणून आश्चर्य करतो. प्रकल्पात त्याला कोणी बोलले, तर ‘तो असे का म्हणाला असेल’ याची दोन-तीन कारणे त्याच्याबरोबर बसून शोधावीत. त्याला पंधरा दिवस पुरणार नाहीत, पण शुल्कही लागणार नाही.

समुपदेशिकाताईंच्या एका वाक्याशी मात्र मी पूर्ण सहमत नाही. पहिल्या दोन महिन्यांत स्वप्रतिमा घसरते आणि भावनिक क्षमता तशीच राहते, असे त्यांनी लिहिले. क्षमता राहते हे मान्य, पण ती वापरायला लागणारे अवधान शिल्लक राहते का? जो विद्यार्थी दिवसभर ‘मी येथे शोभतो का’ याच विवंचनेत आहे, त्याच्या लक्षात जोडीदाराचा उतरलेला चेहरा येणार कसा? माझ्या वर्गांत मी असे पाहिले की बाहेरगावाहून आलेली मुले पहिल्या सत्रात काहीशी आत्ममग्न असतात आणि दुसऱ्या सत्रात तीच मुले सर्वांत मदतशील होतात. स्वप्रतिमेचा परिणाम क्षमतेवर नसेल, पण तिच्या वापरावर आहे, असे मला वाटते.

समुपदेशिका_भंवरकुआँ

सर, ही दुरुस्ती मला मान्य आहे, एका भरीसह. ज्यांची स्वप्रतिमा अस्थिर असते त्यांच्यात हे अवधान सर्वांत जास्त खर्च होते, आणि ज्यांची ती स्थिरपणे खालची असते त्यांच्यात तितकेसे नाही. स्वतःविषयी फार मोठ्या अपेक्षा न बाळगणारी, पण त्याने खचूनही न जाणारी मुले मी पुष्कळ पाहते. जेम्स यांच्या अपूर्णांकात त्यांचा खालचा आकडा लहान आहे, एवढेच. त्यांना प्रश्नावली ‘निम्न स्वप्रतिमा’ म्हणते आणि आम्ही त्यांना समुपदेशनाला बोलावतो, तेव्हा ती मुले थोडी गोंधळतात.

शोधछात्रेला एक विनंती आहे. ज्यांचे गुण अत्यंत खालचे आले आणि ज्यांच्या बोलण्यात निराशा दिसली, त्यांना फक्त आकडा सांगून परत पाठवू नये. महाविद्यालयात समुपदेशक असेल तर तिकडे न्यावे, आणि केंद्र सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रश्नावलीच्या शेवटी छापून द्यावा. तो निःशुल्क आहे आणि तेथे प्रादेशिक भाषांत बोलता येते.

शोधछात्रा_इंदूर

सर्वांचे मनापासून आभार. स्वभावविषयक अंग वगळून सहसंबंध पुन्हा काढते, तसेच स्वतःच्या नमुन्याची शतमके वापरते. बडवानीच्या विद्यार्थिनीशी बोलणे झाले. ‘आज नको’ असे ती म्हणू शकते, आणि म्हणतेही, असे तिने हसत सांगितले. ताईंची काळजी वाचून दाखवली तेव्हा ती जराशी गप्प झाली, म्हणून पुढे काही विचारले नाही.

मार्गदर्शकांनी आणखी एक सत्र दिले आहे. या काळात स्वनिवेदनाच्या बाहेरचे एखादे साधन घेता येईल का, आणि आधी स्वप्रतिमा की आधी भावनिक क्षमता, या मूळ प्रश्नाकडे थोडे तरी सरकता येईल का?

सरासरी_विचलन

दोन्ही गोष्टी मर्यादित प्रमाणात जमतील. मेयर-सॅलोव्ही परंपरेतील मुख्य क्षमताचाचणी (२००२ ची आवृत्ती) १४१ प्रश्नांची आणि सशुल्क आहे, ती लघुप्रबंधाला परवडणार नाही. मॅकॅन आणि रॉबर्ट्स यांनी २००८ मध्ये प्रसंगांवर आधारित दोन चाचण्या प्रसिद्ध केल्या आहेत, एक भावना समजण्याची ४२ प्रश्नांची आणि दुसरी त्या हाताळण्याची ४४ प्रश्नांची. दुसरीतील प्रसंग बहुतांशी नोकरी आणि घर यांविषयी आहेत, त्यामुळे हिंदी भाषांतर करताना केवळ शब्द बदलून भागणार नाही. प्रसंग येथील विद्यार्थ्यांना ओळखीचा वाटतो का, हे दहा-बारा जणांकडून तपासून घ्यावे, आणि भाषांतर दुसऱ्या कोणाकडून पुन्हा इंग्रजीत करवून मूळाशी ताडून पाहावे. त्यासाठी वेळ नसेल तर खोलीतल्या जोडीदाराकडून समानुभूती आणि नातेसंबंध या घटकांची विधाने ‘तो’ किंवा ‘ती’ असा बदल करून भरून घ्यावीत. जोडीदाराचे मतही पक्षपाती असते, पण त्याचा पक्षपात निदान त्या विद्यार्थ्याच्या स्वप्रतिमेतून आलेला नसतो, आणि आपल्याला नेमके तेवढेच हवे आहे.

आधी काय या प्रश्नासाठी तेच विद्यार्थी दोन वेळा मोजावे लागतील, एकदा सत्राच्या सुरुवातीला आणि एकदा शेवटी. पहिल्या वेळची स्वप्रतिमा दुसऱ्या वेळच्या भावनिक गुणांचा अंदाज देते का, आणि पहिल्या वेळचे भावनिक गुण दुसऱ्या वेळच्या स्वप्रतिमेचा अंदाज देतात का, हे दोन्ही एकत्र तपासावे, आणि प्रत्येक वेळी ज्या गोष्टीचा अंदाज घ्यायचा तिचा पहिल्या वेळचा गुण नियंत्रणात ठेवावा, म्हणजे त्याचा परिणाम हिशेबातून वजा करावा. यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, पण एक दिशा दुसरीपेक्षा बळकट आहे का, एवढे दिसते. पहिल्या वर्षाचे विद्यार्थी घ्यावेत, कारण ताईंनी सांगितलेली घसरण आणि सरांनी सांगितलेली उभारी दोन्ही तेथेच घडतात. दुसऱ्या वेळी बरेच जण गैरहजर राहतील, म्हणून सुरुवातीला हव्या त्यापेक्षा बरेच अधिक विद्यार्थी घ्यावे लागतील.

दोन वेळच्या प्रश्नावल्या जुळवण्यासाठी नाव किंवा प्रवेश क्रमांक घेऊ नये. आईच्या नावाचे पहिले अक्षर, जन्मतारखेचा दिवस आणि शाळेच्या गावाचे शेवटचे अक्षर, असा संकेत विद्यार्थ्याने स्वतःच लिहावा. जोडीदाराच्या प्रश्नावलीवरही ज्याच्याविषयी ती भरली आहे त्याचाच संकेत असावा, आणि तो त्या विद्यार्थ्याने चिठ्ठीवर लिहून जोडीदाराला आधीच दिलेला असावा.